हेलिकॉप्टरचं टर्बाइन बोटीत बसवायचं असेल तर

टर्बाइनची बोट बांधायचं खूळ एकदा डोक्यात शिरलं की माणूस आधी इंजिन शोधायला लागतो. कुठे मिळेल, केवढ्याला मिळेल, किती अश्वशक्तीचं आहे? खरं तर या सगळ्या खटाटोपात इंजिन हा सगळ्यात तयार भाग. ते कारखान्यात तपासून, जाडजूड पुस्तिकेसकट बनलेलं असतं. त्याला हवा कुठून द्यायची, धूर कुठून काढायचा, त्याच्या गरगरण्यातून पाण्यात रेटा कसा मिळवायचा आणि खाऱ्या वाऱ्यापासून त्याला वाचवायचं कसं, हे मात्र कुणी आयतं देत नाही. बोट बिघडते ती याच चार जागी.

सगळ्या टर्बाइनांबद्दल एकदम लिहिण्यात अर्थ नाही, म्हणून एकच उदाहरण धरतो: ॲलिसन २५०-सी२०बी. बेल जेटरेंजर हेलिकॉप्टरातलं हे इंजिन. ॲलिसन कंपनी १९९५ मध्ये रोल्स-रॉइसकडे गेली, तरी लोक आजही त्याला ॲलिसनच म्हणतात. अमेरिका-ऑस्ट्रेलियात हौशी मंडळी सात-आठ मीटरच्या वेगवान बोटींसाठी याच ताकदीच्या इंजिनांकडे वळतात, कारण सुटे भाग आणि माहितगार मेकॅनिक अजून सापडतात. तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांना हे करून पाहणं त्यातल्या त्यात सोपं. इथे बसून करणाऱ्यांसाठीही पुढचं सगळं लागू आहे, फक्त कागदपत्रं जास्त.

आधी टाकीचं गणित

हे इंजिन ४२० अश्वशक्तीचं, म्हणजे ३१३ किलोवॅटचं. वजन ७२ किलोच्या आसपास. दोघांनी उचलून बोटीत ठेवावं इतकं. याच ताकदीचं सागरी डिझेल इंजिन ५५० ते ६५० किलो भरतं. इथपर्यंत ऐकून माणूस खूश होतो.

आता पुढचं. पूर्ण ताकदीवर हे टर्बाइन तासाला १२४ किलो, म्हणजे जवळजवळ १५५ लिटर इंधन पितं. डिझेल तेवढंच काम ६६ किलोत, ७८ लिटरच्या आसपास करतं. फरक तासाला ५८ किलोचा. वाचलेल्या पाचशे किलोंतले दीडशे तरी गिअरबॉक्स, हवेचे डक्ट, धुराडं आणि जादा बॅटऱ्या खातात. उरले साडेतीनशे. म्हणजे सलग सहा तास पूर्ण वेगात जायचं असेल, तर निघताना टाकीत जे जादा इंधन भरावं लागेल तेच वाचलेलं वजन गिळून टाकतं. त्याहून लांबचा पल्ला असेल तर टर्बाइनची बोट डिझेलच्या बोटीपेक्षा जड होऊन निघते.

अर्ध्या ताकदीवर हिशेब आणखी बिघडतो. टर्बाइनचा कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून आत ढकलणारा भाग, स्वतःला फिरवत ठेवण्यातच बरीच ताकद खर्च करतो, त्यामुळे नुसतं आयडलवर गुरगुरत उभं राहिलं तरी हे इंजिन तासाला तीस लिटरच्या वर जाळतं. धक्क्याला लागायची वाट बघत वीस मिनिटं थांबलात की दहा लिटर गेले. शिवाय ४२० हा आकडा १५ अंश सेल्सिअस तापमानाचा आहे. एप्रिलमध्ये मालवणला ३५ अंशांत तोच आकडा दहा ते पंधरा टक्क्यांनी खाली येतो, कारण गरम हवा विरळ असते आणि टर्बाइनला सगळं काही हवेच्या वजनातून मिळतं.

नौदलांनी यावर फार पूर्वी तोड काढली. माझगाव डॉकमध्ये बांधलेली आयएनएस शिवालिक २०१० मध्ये नौदलात आली. तिच्यात सावकाश फिरताना दोन डिझेल इंजिनं चालतात आणि दौड मारायची वेळ आली की दोन एलएम२५०० टर्बाइनं जोडली जातात. कल्पना तशी जुनीच. १९४७ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या एमजीबी २००९ या गनबोटीत जगात पहिल्यांदा गॅस टर्बाइनवर नौका चालली, तेव्हाही बाजूच्या दोन शाफ्टवर पेट्रोल इंजिनं तशीच ठेवली होती. ज्यांनी प्रवासी बोटीत टर्बाइन पूर्णवेळ चालवलं त्यांचं उदाहरण म्हणजे स्टेना कंपनीच्या एचएसएस १५०० या ४० नॉटच्या प्रचंड कॅटामरान, म्हणजे जोडतळाच्या बोटी. १९९६ मध्ये त्या आल्या तेव्हा लोक बघत राहिले; इंधनाचे भाव चढले आणि एकेक करत त्या सेवेतून गेल्या. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रोला टर्बाइन लावा, असं सुचवणारे अधूनमधून भेटतात. त्यांना मी हे तासाचे लिटर लिहून देतो.

तेव्हा टर्बाइन घ्यावं कुणी? ज्याला थोडा वेळ, खूप वेगात जायचं आहे, जागा आणि वजन कमी हवं आहे आणि इंधनाचं बिल ज्याच्या झोपेआड येत नाही, त्याने. बाकीच्यांनी हा लेख गंमत म्हणून वाचावा.

तीन जाती, त्यातली एक कामाची

जुन्या बाजारात टर्बाइन म्हणून तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली म्हणजे लढाऊ विमानाचं जेट इंजिन, जे मागून झोत सोडून ढकलतं. पाण्यावरच्या वेगाचा विक्रम याच प्रकाराने झाला. केन वॉर्बी या ऑस्ट्रेलियनाने स्वतःच्या अंगणात बांधलेल्या ‘स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया’मध्ये वेस्टिंगहाउस जे३४ जेट बसवून ८ ऑक्टोबर १९७८ रोजी ब्लोअरिंग धरणाच्या जलाशयात ताशी ५११ किलोमीटर गाठले, आणि तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. पण त्याच वाटेवर डोनाल्ड कॅम्पबेल हा ब्रिटिश विक्रमवीर १९६७ मध्ये कॉनिस्टन वॉटर या तलावावर जीव गमावून बसला. जेटचा झोत कमी वेगाला जवळजवळ वाया जातो, पाठीमागे दूरपर्यंत कुणाला उभं राहता येत नाही आणि धक्क्याजवळ तर ते सुरूही करता येत नाही. सोडून द्या.

दुसरी जात एकाच शाफ्टची: विमानतळावर वीज आणि हवा पुरवणारी छोटी सहायक टर्बाइनं. ती स्वस्तात मिळतात आणि तिथेच लोक फसतात. यात कॉम्प्रेसर आणि बाहेर ताकद देणारा शाफ्ट एकाला एक बांधलेले असतात. बोटीच्या पंख्याने (प्रॉपेलरने) भार टाकून फेरे खाली ओढले की कॉम्प्रेसरचेही फेरे पडतात, हवा कमी होते, आत तापमान भडकतं आणि इंजिन गुदमरतं. जनरेटरसारख्या एकाच वेगाने चालणाऱ्या यंत्राला ते ठीक. बोटीचा पंखा क्षणाक्षणाला वेगळा भार मागतो.

आपल्याला हवी ती तिसरी जात, फ्री पॉवर टर्बाइनची. यात दोन स्वतंत्र फिरते भाग असतात. पहिला गॅस जनरेटर: कॉम्प्रेसर आणि त्याला फिरवणारं टर्बाइन. त्याच्या फेऱ्यांना एन-१ म्हणतात. १०० टक्के एन-१ म्हणजे मिनिटाला सुमारे ५१,००० फेरे. त्यातून निघालेला गरम वायू पुढच्या, कशालाही न जोडलेल्या टर्बाइनवर आदळतो. ते पॉवर टर्बाइन, त्याचे फेरे एन-२. ३३,२९० फेरे इंजिनाच्या आतल्याच गिअरमधून ६,०१६ वर उतरून बाहेरच्या शाफ्टला मिळतात. दोन्हींच्या मध्ये फक्त वायू असल्यामुळे बाहेरचा शाफ्ट हाताने धरून ठेवला तरी गॅस जनरेटर मजेत चालत राहतो. उलट अडवलेल्या शाफ्टवर टॉर्क जवळजवळ दुप्पट होतो. उभी बोट उचलून पळवायला हे छान, पण गिअरबॉक्स आणि कपलिंग निवडताना हाच दुप्पट आकडा धरायचा. ४२० अश्वशक्तीला ६,०१६ फेऱ्यांवर सुमारे ५०० न्यूटन मीटर होतात. तेवढ्यावर हिशेब थांबवला तर पहिल्याच उसळीला स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवरचे जोडणीचे दाते, सोलून निघतील.

विकत घेताना

विमानासाठी आयुष्य संपलेलं इंजिन बोटीला चालतं, आणि ते बरंच स्वस्त असतं. आयुष्य संपलं म्हणजे नेमकं काय संपलं, हे मात्र लॉगबुक उघडून वाचा. टर्बाइनच्या चक्रांना तासांची आणि स्टार्टची, अशा दोन्ही मर्यादा असतात. तास संपलेलं चक्र एक वेळ सावकाश वापरता येईल. पण वारंवार गरम स्टार्ट झालेलं, म्हणजे सुरू करताना तापमान हद्दीबाहेर गेलेलं इंजिन फुकट दिलं तरी नको. लॉगबुकच नसेल तर ते इंजिन शोभेचं समजा.

प्रत्यक्ष पाहताना हाताने कॉम्प्रेसर फिरवा. कान लावा. घासल्याचा आवाज, अडखळ, खरखर यांतलं काही असेल तर पुढे बोलू नका. पुढच्या पात्यांच्या कडा नखाने चाचपा. वाळूने झिजलेल्या कडा नखाला बोथट लागतात, गंजलेल्या खडबडीत. तेलाच्या मार्गात चुंबकी प्लग असतात, ते काढून बघा. बारीक करडा लेप चालतो, चमकणारे कण चालत नाहीत, ते बेअरिंगचे किंवा गिअरचे. बोरोस्कोप, म्हणजे नळीच्या टोकाची बारीक दुर्बीण, आत घालून टर्बाइनची पाती बघणारा माणूस पैसे देऊन बोलवा. इथे कंजुषी करायची नाही.

लष्करी भंगारातून आलेल्या इंजिनाला मूळ देशाचा निर्यात परवाना लागतो. विकणारा ‘काही लागत नाही’ म्हणत असेल तरी लेखी घ्या. महाराष्ट्रात यांत्रिक बोटीची नोंदणी आणि तपासणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे असते आणि आतल्या पाण्यासाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. बोटीला पहिलं भोक पाडण्याआधी आराखडा घेऊन सर्व्हेअरला भेटा, नंतर नव्हे.

बैठक

इंजिन तीन टेकूंवर बसवा, चारवर नाही. लाटेवर बोटीचा सांगाडा पिळतो. चौथा टेकू तो पीळ थेट इंजिनाच्या खोक्यात नेतो. टेकूंपैकी एकाने तरी गरम झाल्यावर सरकायला जागा द्यायला हवी. टर्बाइनची चक्रं ज्या पातळीत फिरतात, त्या पातळीत कुणाचंही आसन, इंधनाची टाकी किंवा नळी येऊ देऊ नका, आणि त्या पट्ट्याभोवती जाड पोलादी कवच घाला. चक्र फुटण्याची शक्यता फार कमी. फुटलंच तर तुकडे थांबत नाहीत.

हवा

इथे थोडं थांबू, कारण पहिल्यांदा बांधणारे नव्वद टक्के लक्ष इंजिनाकडे आणि दहा टक्के हवेकडे देतात.

सी२०बी सेकंदाला दीड किलोपेक्षा थोडी जास्त, म्हणजे १.३ घनमीटर हवा ओढतं. याच ताकदीच्या डिझेलच्या तिप्पट. डक्टमध्ये हवेचा वेग सेकंदाला १० मीटर ठेवायचा तर आतलं माप ३६ सेंटिमीटर बाय ३६ सेंटिमीटर हवं. पाणी अडवणाऱ्या गाळणीसमोर वेग त्याच्या निम्मा पाहिजे, म्हणजे तिथे तोंड अर्धा मीटर बाय अर्धा मीटर. सात मीटरच्या बोटीत ही जागा आधी कागदावर काढा आणि मग इंजिन कुठे बसतं ते बघा. उलट केलंत की शेवटी कुठेतरी डक्ट चेपावा लागतो. वाटेत १०० मिलिमीटर पाण्याएवढा दाब गेला की ताकद साधारण दीड टक्का जाते आणि आतलं तापमान चढतं.

गाळणी तीन टप्प्यांची घ्या: आधी वळणदार पट्ट्या, ज्यांवर मोठे थेंब आदळून खाली जातात, मग जाळीची गादी, जी बारीक तुषार एकत्र करून त्यांचे थेंब करते, पुन्हा पट्ट्या, ज्या तेही थेंब पकडतात. तळाला पाणी वाहून जायला नळी, आणि त्या नळीला उलटी हवा आत येणार नाही असा पाण्याचा सापळा. प्रत्येक टप्प्याला झाकण उघडून साफ करता येईल, असं बांधा.

हवेचं तोंड उंच आणि मागे वळलेलं असावं, म्हणजे नाळेवरून उडालेलं पाणी सरळ आत येत नाही. पण मागे वळलं की ते स्वतःच्याच धुराड्याकडे बघायला लागतं. वारा मागून असताना, बोट उभी असताना, इंजिन आपलाच गरम धूर पुन्हा ओढतं आणि तापमान विनाकारण चढतं. धुराड्याचं आणि हवेचं तोंड यांत लांबी आणि उंची दोन्ही ठेवा. इंजिनघरातून हवा घेण्याचा सोपा मोह टाळा: बिल्जमधली, म्हणजे बोटीच्या तळातली, इंधनाची वाफ आणि विसरलेली चिंधी, दोन्ही त्याच वाटेने आत जातात.

पंखा की वॉटरजेट

चार्ल्स पार्सन्स या अभियंत्याने १८९४ मध्ये ‘टर्बिनिया’ ही बोट बांधली, ती वाफेच्या टर्बाइनवर चालणारी. टर्बाइन उत्तम होतं, पण एका शाफ्टवरच्या पंख्याने बोट वीस नॉटच्या पुढे जाईना. पंखा इतका जोरात फिरत होता की पाण्यात वाफेच्या पोकळ्या होत आणि तो त्या पोकळ्यांतच गरगरत राही. शेवटी पार्सन्सने तीन शाफ्ट आणि प्रत्येकावर तीन असे नऊ पंखे लावले. १८९७ च्या स्पिटहेडच्या आरमारी संचलनात हीच ‘टर्बिनिया’ ३४ नॉटने ब्रिटिश युद्धनौकांच्या रांगांमधून घुसली आणि पाठलागाला आलेल्या बोटी मागे पडल्या. सव्वाशे वर्षांनंतरही टर्बाइनच्या बोटीतली खरी डोकेदुखी शाफ्टच्या दुसऱ्या टोकालाच आहे.

पंखा लावायचा तर ६,०१६ फेरे कमी करणारा गिअरबॉक्स हवा, आणि टर्बाइन उलटं फिरत नसल्यामुळे त्यात रिव्हर्सही हवा. शिवाय आयडलवरही पॉवर टर्बाइनवर वायूचा मारा चालूच असतो, म्हणजे क्लच नसेल तर बोट धक्क्यावरून आपोआप पुढे सरकत राहणार. क्लच सोडला तर भार नाहीसा होतो आणि एन-२ चे फेरे एकदम वाढतात. म्हणजे त्यासाठी ब्रेक. हे सगळं जमतं, पण प्रत्येक भाग वजन आणि बिघाड घेऊन येतो.

माझं स्पष्ट मत: पहिली बोट वॉटरजेटचीच करा, म्हणजे पाणी आत ओढून मागे झोतात फेकणाऱ्या पंपाची. जेटचा इंपेलर, म्हणजे त्या पंपातलं फिरतं चाक, नेहमी पाण्यात फिरत राहतो, म्हणून भार कधी पूर्ण जात नाही. न्यूट्रल आणि रिव्हर्स मागच्या बकेटने, म्हणजे झोत वळवणाऱ्या झाकणाने, मिळतं. इंजिनाला त्याची खबरही नसते. बोइंगच्या जेटफॉइल बोटी दोन ॲलिसन ५०१ टर्बाइनं आणि वॉटरजेट याच जोडीवर १९७० च्या दशकापासून हाँगकाँग-मकाऊ मार्गावर धावल्या, आणि जपानात तोकाई किसेन कंपनीने २०२० मध्येही अशी नवी बोट सेवेत आणली. छोट्या जेटला बहुधा ३,००० ते ४,५०० फेरे लागतात, म्हणजे दीड-दोनास एक इतका साधा गिअर पुरतो. जेट बनवणाऱ्याच्या तक्त्यात ताकद आणि फेरे यांची रेघ असते. आपल्या इंजिनाची कमाल ताकद त्या रेघेवर किंवा तिच्या किंचित वर येईल असाच इंपेलर घ्या.

आता गव्हर्नर. हेलिकॉप्टरात रोटरचे फेरे कायम सारखे ठेवायचे असतात, म्हणून एन-२ गव्हर्नर भार कितीही बदलला तरी एन-२ शंभर टक्क्यांवर धरून ठेवतो. बोटीत हे तसंच जोडलं तर इंजिन सुरू झाल्यावर गव्हर्नर जेटला पूर्ण फेऱ्यांवर नेऊ पाहील, म्हणजे धक्क्यालाच पूर्ण ताकद. उपाय इंजिनातच आहे. इंधन नियंत्रकाच्या दांडीला बंद, आयडल आणि पूर्ण अशा तीन जागा असतात. गव्हर्नर त्याच्या वरच्या हद्दीवर कायमचा बांधा, म्हणजे तो फक्त अतिवेग रोखणारा पहारेकरी उरतो, आणि थ्रॉटल म्हणून या दांडीचाच आयडल ते पूर्ण हा भाग वापरा. आता हात एन-१ वर आहे, एन-२ बोटीच्या वेगाप्रमाणे आपोआप जुळतो.

तरीही लाटेवरून बोट उडाली, जेटच्या तोंडात हवा शिरली, तर भार क्षणात जातो. गव्हर्नरवर सगळी भिस्त ठेवू नका. एन-२ ठरावीक आकड्यापुढे गेला की इंधन तोडणारा वेगळा विद्युत झडप-संच हवा, त्याचा सेन्सरही वेगळा. कपलिंग तुटलं तर वाचवणारा तो एकटाच.

धूर, इंधन, तेल

या इंजिनाचा धूर त्याच्या मधल्या भागातूनच, दोन तोंडांतून वर निघतो. पॉवर टर्बाइनमधून बाहेर पडतानाही तो साडेपाचशे अंशांच्या आसपास असतो. डिझेल बोटीसारखं धुरात पाणी सोडून रबरी नळीने बाहेर काढणं इथे चालत नाही. टर्बाइनला मागचा दाब सोसत नाही. ३२१ जातीचं स्टेनलेस, जितकं आखूड आणि रुंद तितकं चांगलं, मध्ये घडीची लवचिक जोडणी, आणि धुराड्याचं वजन इंजिनावर नाही तर डेकवर. बाहेरच्या मोठ्या नळीत आतली छोटी नळी सोडली की धुराच्या वेगाने इंजिनघरातली गरम हवाही ओढली जाते. पंखा न लावता वारा खेळतो. फायबरच्या बोटीत धुराड्याभोवतीचा डेक कापून तिथे धातूचं कडं घाला.

इंधन म्हणून पुस्तिकेत एटीएफ, म्हणजे विमानाचं इंधन, लिहिलेलं असतं. ते आपल्याकडे रस्त्यावरच्या पंपावर मिळत नाही. डिझेल कुठल्या दर्जाचं आणि कुठल्या अटींवर चालतं हेही पुस्तिकेत असतं, आणि युद्धनौकांची मोठी टर्बाइनं डिझेलवरच चालतात. डिझेलवर स्टार्टला धूर जास्त आणि नोझलवर काजळी लवकर, एवढं गृहीत धरा. टाकी ते इंजिन यांमध्ये पाणी वेगळं करणारी गाळणी आणि तिला पारदर्शक पेला हवाच. दमट हवेत टाकीत पाणी साचतं, पाण्यात शेवाळासारखा काळा चिकटा वाढतो.

तेल फक्त टर्बाइनचं सिंथेटिक, एमआयएल-२३६९९ दर्जाचं. मोटारीचं तेल टॉपअपलासुद्धा नाही.

पहिला स्टार्ट

बोट पाण्यात, चारही कोपऱ्यांनी धक्क्याला बांधलेली, जेटचं तोंड पूर्ण बुडालेलं, बकेट न्यूट्रलला. धक्क्यावर एक माणूस आग विझवायचा सीओटू सिलिंडर घेऊन, कानांवर मफ चढवून. धुराड्यावर कुणी वाकलेलं नाही. बॅटरी हा इथला मुख्य मुद्दा: २४ व्होल्ट, आणि शेकडो अँपिअर देतानाही न खचणारी. टर्बाइन जाळून घेण्याची सगळ्यात सोपी रीत म्हणजे अर्धमेली बॅटरी. स्टार्टर फेरे देऊ शकला नाही की आत हवा कमी, इंधन तेवढंच, आणि पाती वितळायला काही सेकंद पुरतात.

डोळे दोन घड्याळांवर: एन-१ आणि टीओटी, म्हणजे दोन टर्बाइनांमधलं तापमान. बटण दाबलं की आधी इग्निशनची टकटक ऐकू येते, मग चढती शीळ. एन-१ चा काटा १५ टक्क्यांवर आला की दांडी आयडलला आणा. एक-दोन सेकंदांत आत ‘भप्’ असा आवाज होतो आणि टीओटी उसळी घेतो. बोटं दांडीवरच ठेवा. ८१० अंश ओलांडले की काही सेकंदच हातात असतात, ९२७ ही शेवटची हद्द. काटा थांबायचं नाव घेत नसेल तर तिथे पोहोचण्याआधी दांडी बंद करा. पण स्टार्टरचं बटण सोडू नका. इंधन बंद आणि हवा चालू, म्हणजे आत थंडावा. बहुतेक जण घाबरून दोन्ही एकदम सोडतात.

सगळं नीट असेल तर तापमान शिखर गाठून उतरायला लागतं आणि एन-१ चढत जातो. ५८ टक्क्यांवर स्टार्टर सोडा. तोवर तेलाचा दाब दिसायलाच हवा. साठीच्या आसपास इंजिन आयडलवर स्थिरावतं, आणि एकूण एका मिनिटाच्या आत हे झालं पाहिजे. मध्येच चाळिशीत एन-१ अडकला आणि टीओटी हळूहळू चढतच राहिला तर तो अडकलेला स्टार्ट, तोही बंद.

इंधन सोडलं आणि पेटलंच नाही, तर न पेटलेलं इंधन तळाशी साचतं. लगेच दुसरा स्टार्ट केला तर धुराड्यातून मीटरभर ज्वाळा. निचऱ्याची नळी वाहती आहे ना ते बघा, थांबा, इंधन व इग्निशन बंद ठेवून एकदा कोरडं फिरवा, मगच पुन्हा.

बंद करताना दोन मिनिटं आयडल. घड्याळ लावून. मग दांडी बंद, आणि गॅस जनरेटर थांबेपर्यंत कान द्या. दर वेळी सारखाच वेळ घेऊन, सारखाच आवाज करत तो थांबला पाहिजे.

पाण्यावर पहिल्या फेऱ्या शांत खाडीत, अर्ध्या ताकदीच्या आत. आयडलवरून पूर्ण ताकदीवर यायला टर्बाइनला काही सेकंद लागतात. समोर होडकं आलं आणि दांडी रेटली तर बोट लगेच उत्तर देत नाही. धक्क्याजवळ येताना एन-१ थोडा वरच ठेवून बकेटने खेळायची सवय लावून घ्या.

मीठ

खारे तुषार गाळणीतूनही थोडे येतातच. कॉम्प्रेसरवर त्यांचा पांढरट थर बसतो, पात्यांचा आकार बिघडतो, ताकद उतरते. हे धुता येतं. त्याहून वाईट ते पुढे घडतं: मिठातलं सोडियम आणि गंधक मिळून सोडियम सल्फेट होतं, ते तापलेल्या टर्बाइनच्या पात्यांवर वितळून बसतं आणि धातूचा संरक्षक थर खातं. २०२० पासून आपल्याकडच्या डिझेलमध्ये गंधक फारच कमी असलं तरी निर्धास्त होऊ नका. समुद्राच्या मिठात सल्फेट आधीच असतं. ही झीज पॉलिश करून जात नाही, पाती बदलावी लागतात.

म्हणून समुद्रात गेलात त्या दिवशी इंजिन धुवायचं. हाताला सोसेल इतकं थंड झाल्यावर इग्निशनचा फ्यूज काढा, इंधन बंद करा. कॉम्प्रेसरच्या मागून गव्हर्नरकडे दाब नेणारी बारीक नळी सोडवून टोपण लावा. तिच्यात पाणी गेलं तर पुढच्या वेळी इंजिन मध्येच ताकद सोडेल आणि कारण सापडणार नाही. मग स्टार्टरने एन-१ दहा टक्क्यांपर्यंत फिरवत तोंडात पाण्याचा फवारा. पाणी डिस्टिल्ड, बॅटरीत घालतात ते. घरच्या आरओच्या पाण्यात क्षार उरतात. निथळू द्या, नळी जोडा, इंजिन सुरू करून पाच मिनिटं आयडलवर वाळवा, आणि हवेच्या व धुराच्या तोंडावर झाकणं घाला. झाकणांना लाल फडकं बांधा, म्हणजे काढायची राहणार नाहीत.

एका वहीत दर फेरीला एकाच ठरलेल्या एन-१ वर टीओटी, तेलाचा दाब, तेलाचं तापमान आणि बाहेरचं तापमान लिहीत जा. सारख्याच हवेत टीओटी नेहमीपेक्षा वीस-पंचवीस अंश वर दिसला तर आधी गाळणी बघा, मग साबणाच्या द्रावणाने कॉम्प्रेसर धुवा. धुऊनही उतरला नाही तर बोट बाहेर काढा आणि बोरोस्कोपवाल्याला पुन्हा बोलवा.